येत होतं, तरी चुकलं: परीक्षेतल्या वेंधळ्या चुकांवर तुमचे उपाय लिहा

धागाकर्ता

मुलगी बारावीला आहे. सीईटीच्या सराव परीक्षा सुरू आहेत आणि पेपर तपासून झाला की घरात ठरलेला संवाद होतो. "हे येत नव्हतं?" "येत होतं बाबा, सिली मिस्टेक." मग मी "लक्ष देऊन सोडव" म्हणतो, ती "हो" म्हणते, आणि पुढच्या पेपरात उणे चिन्ह पुन्हा गायब. माझी नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली, त्यामुळे एवढं कळतं की "लक्ष दे" हा काही उपाय नाही, तो आपला वैताग आहे. हाताने करता येईल असं काही सांगा. स्पर्धा परीक्षावाले, जेईईवाले, शिकवणारे, पर्यवेक्षणाला जाणारे, सगळेच लिहा. परीक्षा कोणती ते आवर्जून सांगा, कारण एकीचा उपाय दुसरीला चालेलच असं नाही. क्लासची जाहिरात मात्र नको. ती अलका चौकापासून हिंजवडीपर्यंत खांबाखांबावर आहेच.

कर्वेनगरची बाई

२०२५-२६ पर्यंत शिष्यवृत्ती पाचवी आणि आठवीला होती, तिला मी मुलं बसवायचे. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. आठवीच्या पेपरात एक मेख होती. जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना दोन पर्याय अचूक असायचे आणि ते दोन्ही नोंदवणं बंधनकारक असायचं. इथे हुशार मुलंच जास्त घसरतात. पहिलं बरोबर उत्तर त्यांना चटकन दिसतं, गोळा रंगवला की ती पुढे पळतात. म्हणून माझ्याकडे शिस्त अशी की पेपर हातात आला की आधी सगळी पानं चाळायची आणि जिथे दोन पर्यायांची सूचना दिसेल तिथे प्रश्नाच्या आकड्याशेजारी दोन उभ्या रेघा मारायच्या. सोडवणं त्यानंतर.

दुसरी गोष्ट मराठी माध्यमाच्या मुलांसाठी. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी बसतो. "पुढीलपैकी कोणत्या संख्येला ३ ने निःशेष भाग जात नाही?" पर्याय ११४, २३१, ३५२, ४०८. पोरगं ११४ च्या अंकांची बेरीज करतं, सहा, गेला भाग, रंगव पहिला गोळा! "नाही"पर्यंत नजर पोचलेलीच नसते. उत्तर ३५२. मी मुलांना प्रश्नाची शेपटी आधी वाचायला लावते. शेवटचे दोन-तीन शब्द, त्याखाली रेघ, मग पहिल्यापासून. सुरुवातीला सगळी हसतात, दिवाळीनंतर आपोआप करायला लागतात. पालकांना एक विनंती आहे. घरी सोडवून घेताना प्रश्न तुम्ही मोठ्याने वाचून दाखवू नका. तुम्ही वाचता तेव्हा "नाही"वर जोर देता, आणि परीक्षेत तो जोर द्यायला कोणी नसतं.

शास्त्री रस्ता, खिडकीजवळची खुर्ची

राज्यसेवा पूर्व. सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण वजा, म्हणजे चार चुका झाल्या की एका बरोबर उत्तराची कमाई गेली. यूपीएससीला तर तीनच चुका पुरतात.

आमच्या पेपरातला खरा सापळा म्हणजे विधानांचे प्रश्न. अ, ब, क, ड अशी चार विधानं, खाली "अयोग्य विधान/ने ओळखा", आणि पर्याय "फक्त अ आणि क" वगैरे. डोक्यात योग्य विधानं जमा होतात आणि नेमका तसा पर्याय खाली तयार असतो, तो पेपर काढणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो. मी प्रत्येक विधानाशेजारी बरोबर किंवा फुली करतो, पर्यायांकडे तोवर बघत नाही. मग "अयोग्य" या शब्दाभोवती गोल आणि त्या गोलातून सरळ एका फुलीकडे बाण. पेपर घाण दिसतो, दिसू दे, तो कोणी तपासणार नाहीये.

ओएमआर, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेबद्दल आमच्या टेबलावर दोन पंथ आहेत. एक प्रश्न सोडवला की लगेच गोळा, किंवा एक पान संपलं की त्या पानाचे सगळे गोळे. तिसरा, शेवटी एकदम रंगवणाऱ्यांचा, तो हल्ली फारसा बोलत नाही. मी पानवाला. कारण मधला एखादा प्रश्न सोडला आणि गोळा पुढच्या ओळीत गेला, की शर्टाचं एक बटण वरच्या काजात गेल्यासारखं खालचं सगळं चुकतं, आणि शाईचं असल्यामुळे उसवताही येत नाही. पान संपताना शेवटच्या प्रश्नाचा आकडा आणि शेवटच्या गोळ्याचा आकडा ओठातल्या ओठात म्हणून जुळवायचा. एवढ्यानेही गडबड फार तर एका पानापुरती राहते.

एक निवृत्त मास्तर

थोडं कडू लिहितो. "सिली मिस्टेक" हा फार सोयीचा डबा झालाय, त्यात काहीही टाकता येतं. साइनचं इंटिग्रेशन वजा कोसाइन. ते वजा दर पेपरात सुटत असेल तर तो वेंधळेपणा नव्हे, ते सूत्र पाठच झालेलं नाही. लेकीच्या जुन्या सराव परीक्षा काढा आणि प्रत्येक चुकीसमोर तिलाच लिहू द्या: माहीत नव्हतं, अर्धवट माहीत होतं, वाचलं नाही, उतरवताना चुकलं. तुम्ही लिहू नका आणि शेजारी बसूही नका. माझ्या अनुभवात "अर्धवट माहीत होतं" हाच ढीग सगळ्यात मोठा निघतो, आणि त्याला युक्ती लागू पडत नाही, गणितंच करावी लागतात. खऱ्या वेंधळ्या चुका थोड्या असतात आणि त्यांची सवय ठरलेली असते. कोणाचा ६ हा शून्यासारखा, कोणाचा १ आणि ७ एकच.

धागाकर्ता

मास्तर, ढीग केले. तिने दार लावून केले, मी बाहेर. "वाचलं नाही" कमी निघाले, "उतरवताना चुकलं" बरेच. वहीत उत्तर बरोबर आणि स्क्रीनवर दुसरंच! याला काय करावं?

सीओईपीच्या मागच्या चहावाल्याकडून

हे जेईई मेनला आमच्यातल्या बऱ्याच जणांचं व्हायचं. ७५ प्रश्न, ३०० गुण, तीन तास, बरोबरला ४ आणि चुकीला वजा १. म्हणजे येणारा प्रश्न उतरवताना घालवला तर फरक पाचाचा पडतो, चारचा नाही. हे एकदा डोक्यात गेलं की हात आपोआप सावकाश होतो.

स्क्रीनवर दोन गोष्टी सांभाळायच्या. पर्यायावर टिचकी मारली म्हणजे उत्तर गेलं असं नाही, "सेव्ह अँड नेक्स्ट" दाबावं लागतं. उजवीकडच्या आकड्यांवरून थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली तर आधीचं उत्तर जतन होत नाही. सूचनांच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ते पान सगळे डोळे मिटून खाली सरकवतात. रंग नीट ओळखायचे. हिरवा म्हणजे उत्तर गेलं, लाल म्हणजे प्रश्न उघडला पण उत्तर नाही. जांभळ्यावर हिरवी खूण असेल तर ते उत्तर धरलं जातं, नुसता जांभळा म्हणजे उत्तर दिलेलंच नाही. शेवटच्या पाच मिनिटांत नवीन गणित घ्यायचं नाही, लाल आणि नुसते जांभळे तेवढे फिरून बघायचे.

संख्येत उत्तर टाइप करायच्या प्रश्नांत एककाने वाट लागते. कागदावर ०.२ मीटर आलं, विचारलं होतं सेंटिमीटरमध्ये, टाइप केलं ०.२. मला दादाने शिकवलेलं: गणित सुरू करायच्या आधी कच्च्या कागदावर "उत्तर = ___ सेमी" अशी रिकामी जागा लिहून ठेवायची. एकक आधी, आकडा नंतर.

पर्यवेक्षणाला जाणारी

नीटच्या केंद्रावर जे दिसतं ते लिहिते. १८० प्रश्न, तीन तास, ओएमआर. शेवटची घंटा जवळ आली की खोलीत दोन प्रकारचे आवाज असतात, काहींचे पेन खाली ठेवल्याचे आणि काहींचे खसाखसा गोळे रंगवल्याचे. दुसऱ्या प्रकारातल्यांकडे बघवत नाही. आम्ही पेपरचा सांकेतिक क्रमांक उत्तरपत्रिकेशी जुळवून घ्यायला सांगतो तेव्हा माना हलतात आणि नजर घड्याळावर असते. घरी सराव करताना नाव, क्रमांक, सांकेतिक क्रमांक हे सगळं भरूनच सुरुवात करा. नुसते प्रश्न सोडवले तर हा भाग परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच होतो.

वाघोली केंद्र मिळालेला

घाई गेटवरूनच सुरू होते. आदल्या दिवशी केंद्र बघून या. नगर रस्त्याची सकाळ नकाशातल्या मिनिटांना विचारत नाही.

गेल्या वर्षीचा सीईटीवाला

काका, वरचे बरेच उपाय वजा गुणांच्या परीक्षांचे आहेत. सीईटीला चुकीचे गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडणं हीच तिथली सगळ्यात मोठी वेंधळी चूक. पहिल्या ९० मिनिटांत भौतिक-रसायनचे १०० प्रश्न, म्हणजे एकाला ५४ सेकंद. तिथे परत तपासायच्या भानगडीत पडू नये. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५०, प्रत्येकी २ गुण, एकाला १०८ सेकंद. पडताळणीचा वेळ इथे वापरायचा. समीकरण सोडवून क्ष आला की तो मूळ समीकरणात टाकून बघायचा, काही वेळा पर्यायच टाकून बघितले तर सोडवायलाही लागत नाही.

उतरवायच्या चुकीसाठी कच्चा कागद उभा दुमडून दोन रकाने करायचे. प्रत्येक गणिताला स्क्रीनवरचा प्रश्न क्रमांक, शेवटच्या उत्तराला चौकट. स्क्रीनवर निवडताना चौकटीतलं वाचायचं, लक्षातलं नाही. आणि चारही पर्याय शेवटपर्यंत बघायचे, कारण "२/३" आणि "−२/३" बहुतेक वेळा जोडीनेच आलेले असतात.

धागाकर्ता

कागद दुमडायचं तिला पटलं, चौकटीला वेळ जातो म्हणते. घड्याळ लावून चौकटी काढायला लावल्या, आणि तिने स्वतःच मान्य केलं की वेळ चौकटीत जात नव्हता, तो आपण काय लिहिलंय ते शोधण्यात जात होता. आता प्रश्न राहिला तिच्या सातचा. मास्तर, सातला आडवी रेघ बारावीत लावून सवय होते का?

एक निवृत्त मास्तर

होते. रोजच्या वहीपासून लावा, फक्त पेपरपुरती नको.