महालक्ष्म्यांची आरास, माळ्यावरची तीन खोकी आणि येणारी दिवाळी

मांजराकाठ (लातूर)

महालक्ष्म्यांचे विसर्जन होऊन चार दिवस झाले. आरास उतरवून माळ्यावर चढवण्याचे काम दरवर्षी माझ्याकडेच असते. या वेळी चढवण्याआधी सहज मोजदाद केली. प्लास्टिकच्या फुलांच्या अकरा माळा, दिव्यांच्या सहा माळा (त्यांपैकी दोन बंद), थर्माकोलच्या मखराचे चार खांब, जे २०१८ च्या बंदीपूर्वी घेतले होते आणि टाकायचे कुठे हे न कळल्यामुळे अजून घरात आहेत, कापडी पडदे, आणि पिलवंडांपुढे, म्हणजे महालक्ष्म्यांच्या बाळांपुढे, मांडायची खेळणी, अशी सगळी मिळून तीन खोकी भरली. आजीच्या काळात हेच सगळे एका पत्र्याच्या डब्यात मावत असे. त्यात जुन्या पातळात गुंडाळलेले पितळी मुखवटे, करंडा आणि समई असायची. मुखवटे ज्यांवर बसवतात त्या कोठ्यांमध्ये भरायचे धान्य घरचेच असे आणि सण झाला की ते परत दळणाला जाई.

हे आठवण्याचे कारण म्हणजे दिवाळी आता दीड महिन्यावर आहे. सोयाबीनचा पैसा आपल्याकडे नेमका त्याच सुमारास हातात येतो, आणि तोही पुरता येत नाही. गेल्या, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, परंतु आडतीवर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की भाव तुटतो. त्याच पैशात रब्बीचे बियाणे बसवायचे असते. ऋण काढून सण करू नका, असे गाडगेबाबा कीर्तनातून आयुष्यभर सांगत राहिले. आपण ते ऐकून माना डोलावल्या आणि मग हप्ते बांधून घेतले.

आमच्या घरापुरते ठरवले ते असे. मोठ्यांना नवे कपडे नाहीत, घरी फराळाचे दोनच पदार्थ, सुक्या मेव्याचे डबे कोणाला द्यायचे नाहीत आणि आकाशकंदील जुनाच. सण यामुळे उणा होईल असे मला वाटत नाही, कारण आपल्याकडे येळवस आहेच. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला लातूर आणि धाराशिवची गावे ओस पडतात, माणसे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत (खोपटात) पाच दगडांचे पांडव मांडतात, भज्जी आणि आंबील पोटभर होते, आणि त्या दिवसासाठी दुकानातून आणावी अशी एकही सजावट नसते. याहून मोठा सण आमच्या भागात नाही. म्हणून हा धागा काढला. आपले मत काय आहे?

शिंप्याचे घर (परभणी)

माझे मत आपल्या अगदी विरुद्ध आहे, आणि ते वडिलांच्या दुकानात काज करत बसून तयार झालेले आहे. दिवाळीआधीचे पंधरा दिवस आमच्याकडे रात्री दोनपर्यंत मशीन चालायचे आणि त्यावर पुढचे तीन महिने निघायचे. आधी तयार कपड्यांनी ते काम निम्म्यावर आणले. उरलेले आता आपल्यासारख्यांच्या साधेपणाने जाणार.

आपली यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. तिच्यातून शिंपी वगळला गेला, सुका मेवा विकणारा वगळला गेला, आकाशकंदील करणारी पोरे वगळली गेली. काटकसरीची कात्री नेहमी ज्याच्याशी घासाघीस करता येते त्याच्यावरच का चालते? ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या तीन 'साध्या' घरांनी गेल्या दिवाळीत मोठे टीव्ही हप्त्यावर आणले. टीव्ही ही गरज, आणि पोरीचा शिवलेला परकर ही उधळपट्टी, असा हा हिशेब आहे.

आणखी एक सांगतो. २०१५ ची दिवाळी आम्ही सगळ्यांनी फार साधी केली होती. अंगणात सडा टाकायला पाणी नव्हते. पुढच्या एप्रिलमध्ये आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवाळीला कोणी साधेपणा म्हणत नव्हते, दुष्काळच म्हणत होते. ज्याला निवड करता येते त्यालाच साधेपणाचा मान मिळतो.

पैठण रस्ता

धागाकर्त्याशी सहमत आहे. सुक्या मेव्याचा जो डबा मी पाडव्याला दिला, तोच भाऊबीजेला तिसऱ्या घरून माझ्याकडे परत आला. कोपऱ्यातल्या पोच्यावरून ओळखला.

माजलगावची सून

आपणा दोघांच्याही लिहिण्यात एक गोष्ट नाही, ती म्हणजे हे सगळे करते कोण. "घरी फराळाचे दोनच पदार्थ" हे वाचायला छान वाटते, पण ते ठरले कोणाच्या तोंडून आणि तळणार कोण, हेही लिहावे. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या बाजारातून आणायला अर्धा तास लागतो. निवडायला, चिरायला आणि शिजवायला आदला दिवस आणि पहाट जाते. त्यात सोवळे असेल तर दुसऱ्या बाईची मदतही घेता येत नाही.

येळवसेचे कौतुक मलाही आहे, कारण माहेर औशाचे आहे. परंतु त्या दिवशी दुकानातून काही आणावे लागत नाही, याचा अर्थ काही करावे लागत नाही असा नव्हे. तुरीच्या, वालाच्या आणि हरभऱ्याच्या ओल्या शेंगा आदल्या रात्री बारापर्यंत सोलत बसायचे. आईच्या नखांत हिरवे शिरायचे आणि ते दोन दिवस निघायचे नाही. आंबिलीचे ज्वारीचे पीठ आधीपासून भिजवून आंबवायचे, बाजरीचे उंडे वळायचे, तिळाच्या पोळ्या लाटायच्या, आणि सकाळी हे सगळे डोक्यावर घेऊन शेतात चालायचे. पुरुषमाणसे कोप बांधतात, हे मान्य. कोप तासाभरात होते.

म्हणून मी उलटे केले आहे. चकली आणि शंकरपाळे गावातल्या बचत गटाकडून विकत घेते. त्या गटातल्या दोघी माझ्या शेजारणी आहेत. आपल्या यादीप्रमाणे ही खरेदी वाढली. माझ्या यादीप्रमाणे कमरेचे दुखणे कमी झाले आणि पैसा गावात राहिला. कमी करायचे असेल तर आधी नैवेद्याच्या ताटातले कमी करा. सोळाच्या जागी पाच भाज्यांनी महालक्ष्म्या आमच्याकडे तरी रुसल्या नाहीत, सासूबाई मात्र आठवडाभर रुसल्या होत्या.

बालाघाटचा मास्तर (बीड जिल्हा)

मी ज्या गावात शिकवतो, तिथले निम्मे पालक दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल हातात पडते आणि त्यातूनच पोरांना कपडे येतात. उचल हे कर्जच आहे, ते अंगावर कोयता चालवून फेडायचे आहे, त्यामुळे गाडगेबाबांचे वचन इथे शब्दशः लागू पडते. तरीही गेल्या वर्षी, वर्ग निम्मा रिकामा होण्याच्या आदल्या दिवशी, दुसरीतली एक मुलगी झालरीचा पिवळा फ्रॉक घालून शाळेत आली आणि दिवसभर बाकावर टेकली नाही, चुरगळेल म्हणून उभीच राहिली. पुढचे पाच महिने ती पाचटाच्या कोपीत राहणार होती. त्या फ्रॉकला अनावश्यक म्हणण्याचे धाडस मला झाले नाही.

धागाकर्ते चूक आहेत असे मी म्हणत नाही. त्यांच्या तीन खोक्यांबद्दल ते बरोबरच बोलत आहेत. फक्त ही चर्चा खोकी असलेल्यांची आहे, एवढे सुरुवातीलाच लिहिले असते तर बरे झाले असते.

आपटा

थोडे अवांतर. दसऱ्याला सोने म्हणून गाडेच्या गाडे भरून फांद्या तोडून आणतात, त्यांत पुष्कळदा आपटा नसून कांचन असतो. दुसऱ्या दिवशी कचराकुंडीत दोन्ही सारखेच दिसतात. साधेपणाच्या यादीत हेही घ्यावे.

मांजराकाठ (लातूर)

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काही प्रतिसाद घरात मोठ्याने वाचले गेले आणि त्यावर घरातच वेगळा धागा सुरू झाला.

शिंप्याच्या घराचा मुद्दा मी निम्मा मान्य करतो. टीव्ही आमच्याकडेही गेल्याच वर्षी आला, हप्ते अजून चालू आहेत आणि तो यादीत नव्हता, हे खरे. मोठ्यांना कपडे नाहीत, हे कलम मागे घेतो. तयार कपडे नाहीत, कापड घेऊन शिवायचे, असे आता ठरले आहे. पणत्या कुंभारवाड्यातूनच घेऊ. पण कोणीतरी विकतो म्हणून आपण घेत राहिले पाहिजे, हे मला पटत नाही. प्लास्टिकच्या त्या अकरा माळा घेतल्या तेव्हा दुकानदाराला जे सुटले असेल ते सुटले, बाकीचा पैसा परभणीत राहिला नाही आणि लातुरातही नाही. त्याच पैशाची झेंडूची फुले घेतली असती तर शेजारच्या शिवारातल्या कोणाला तरी मिळाले असते. नवी 'पर्यावरणपूरक' आरास विकत आणण्याचा सल्ला मला खासगीत दोघांनी दिला, त्यांना नम्रपणे सांगतो की चौथे खोके मला नको आहे. आहेत त्या माळा तुटेपर्यंत वापरणार.

माजलगावच्या ताईंना उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. दोन पदार्थांचा निर्णय माझा होता आणि तळणार सौ. होत्या. या वेळी चकली बाहेरून येईल आणि चिवडा मी करीन.

मास्तरांचे म्हणणे पूर्ण मान्य.

शिंप्याचे घर (परभणी)

निम्मा मान्य केलात, निम्मा राहू द्या. झेंडूचे पटले, तरी कमी घेण्याची सुरुवात शिंप्यापासून करू नये, हे माझे म्हणणे कायम आहे.

एक विनंती आहे. आपल्या माळ्यावर खोक्यांखेरीज एक गाठोडेही असेल. ओटीत आणि आहेरात आलेले, कधीच न शिवलेले ब्लाउज पीस त्यात असतात. या घरातून त्या घरात फिरत राहतात, पण आमच्या मशीनखाली काही येत नाहीत. ते मोजा आणि त्यातले निम्मे तरी शिवायला टाका. कापडाला एक पैसा लागणार नाही, शिलाई तेवढी द्या.

मांजराकाठ (लातूर)

मोजले. सत्तेचाळीस निघाले. त्यातल्या एकाच्या घडीत सौ.च्या अक्षरातली चिठ्ठी होती, "नांदेडच्या वन्सं". म्हणजे आमच्याच घरातून गेलेला पीस सगळीकडे फिरून परत आला आहे. तो शिवायला टाकावा की वन्संना पुन्हा द्यावा, यावर सध्या एकमत नाही. बाकीचे सोमवारी शिंप्याकडे जात आहेत.