क्रोन्समध्ये (आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेच्या आजारात) इन्फ्लिक्सिमॅब या औषधाआधी टीबीची तपासणी कशासाठी?

प्रश्न: दुखणं आतड्याचं, मग छातीचा एक्स-रे आणि इग्रा (टीबीची रक्ततपासणी) कशाला? क्रोन्सवरच्याच व्हेडोलिझुमॅब या दुसऱ्या औषधाच्या वेळी टीबीची एवढी धास्ती का नसते?

उत्तर १: टीबीचे जंतू वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात, कारण मॅक्रोफेज आणि टी पेशी (शरीराच्या संरक्षक पेशी) त्यांच्याभोवती कडं करून बसलेल्या असतात. ते कडं टिकतं टीएनएफ या सूज आणणाऱ्या प्रथिनावर. क्रोन्समध्ये हाच टीएनएफ आतड्यातली सूज पेटती ठेवतो. इन्फ्लिक्सिमॅब तो अंगभर अडवतं, आणि कडं सुटतं; निपचित जंतू जागे होऊ शकतात, म्हणून आधी तपासणी. इग्राचं रक्त जमल्यास स्टेरॉइडआधीच द्यावं. नंतर टी पेशी मंदावतात, तपासणीच्या नळीत पुरेसा इंटरफेरॉन-गॅमा (इग्रात मोजतात तो पदार्थ) सोडत नाहीत आणि रिपोर्ट ‘अनिर्णित’ येऊ शकतो. सुप्त टीबी निघाला तर त्याची औषधं साधारण महिनाभर आधी सुरू करतात.

उत्तर २: व्हेडोलिझुमॅबचं काम वेगळं. लिम्फोसाइटवर (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींवर) अल्फा-४ बीटा-७ नावाचा, हूकसारखा आकडा असतो. तो आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकला की पेशी आत शिरते. औषध तो आकडाच झाकतं. फुफ्फुसातला पहारा बहुतांशी शाबूत राहतो. तपासणी तरीही करतातच. आधीच आत असलेल्या पेशी लगेच हटत नाहीत, म्हणून गुण सावकाश येतो. १४ आठवडे तरी वाट पाहतात.

उत्तर ३: मुळात तो क्रोन्सच आहे ना? आपल्याकडे खरी गोम इथेच आहे. आतड्याचा टीबीही लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच बसतो, आणि बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) पेशींच्या बारीक गाठी दोन्हींत दिसतात. गाठीच्या मध्ये दह्यासारखा कुजलेला भाग असेल तर पारडं टीबीकडे झुकतं.