जुनी ओम्नी घरीच दुरुस्त करायची आहे. आधी काय हाती घ्यावे?

रोपवाटिका_कुडाळ

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे १९९८ची मारुती ओम्नी आहे. कार्ब्युरेटरची आणि चार गिअरची. कुडाळजवळ आमची लहानशी रोपवाटिका आहे आणि आठवडी बाजारांना, तसेच अधूनमधून आंबोली घाट चढून वरच्या भागात कलमे पोचवण्याचे काम ही गाडी अजून करते. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आणि गुडघ्यापेक्षाही खाली असलेला तळ यांमुळे कुंड्या आणि क्रेट चढवणे-उतरवणे इतके सोपे जाते की दुसरी गाडी घेण्याचा विचार मनातून काढून टाकला आहे. हिचे उत्पादन २०१९मध्ये बंद झाले असले तरी सुटे भाग अजून मिळतात, म्हणून हिलाच नीट जपायचे ठरवले आहे.

सध्याच्या तक्रारी अशा. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. घाटात, विशेषतः भरलेली असताना, तापमानाचा काटा वर सरकतो आणि उतारावर पुन्हा खाली येतो. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसतो. पुढे बसणाऱ्याला पायाशी उष्णता जाणवते आणि चढावर धुराचा थोडा वास येतो. हेडलाइट पिवळट आणि मंद आहेत. याशिवाय मागच्या भागात रोपांसाठी मांडणी करायची इच्छा आहे.

पाने, मल्टिमीटर, चांगला जॅक आणि सपाट सिमेंटचे अंगण एवढे माझ्याकडे आहे. पावसाळ्याआधीचे दोन महिने हाताशी आहेत. यांपैकी घरी काय करण्यासारखे आहे, गॅरेजकडे काय सोपवावे आणि क्रम कोणता ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

करवीर_पाना

दादा, आपल्या यादीत सकाळचा सेल्फ पहिला आहे आणि चाकाचा डाग मध्येच कुठेतरी आहे. माझ्या मते तो डाग सर्वांत आधी यायला हवा. ड्रमच्या आतून ओल बाहेर दिसत असेल, तर बहुतेक वेळा व्हील सिलिंडरचे (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचे) रबर गेलेले असते आणि ब्रेक ऑइल लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घर्षणपट्ट्यांवर, उतरत असते. एखाद्या वेळी ते अॅक्सलच्या सीलमधून आलेले गिअर ऑइलही असू शकते. बोटावर घेऊन पाहिल्यास गिअर ऑइल दाट असते आणि त्याला उग्र वास येतो, तर ब्रेक ऑइल पातळ असते आणि पाण्याने धुतले जाते. दोन्हींपैकी काहीही असले तरी भरलेल्या गाडीने त्या अवस्थेत घाट उतरू नये.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली किंवा चाकाशी कधीही काम करू नका. दोन भक्कम जॅक स्टँड आधी आणा आणि पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवा मारून उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची पद्धत आहे, पण ती मला मान्य नाही. लायनर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढते. त्यानंतर सगळे ब्रेक ऑइल बदलून हवा काढा, आणि सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणाऱ्या भागापासून) सर्वांत लांब असलेल्या चाकाने, म्हणजे मागच्या डाव्या चाकाने करा. हे तेल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर पेडल पोकळ लागू लागते. कोकणच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदलणे मला आवश्यक वाटते.

आता इंजिन. ७९६ सीसीचे हे तीन सिलिंडरचे इंजिन मारुती ८००मध्येही होते, त्यामुळे आतल्या भागांची चणचण नाही. सकाळचा त्रास पाहण्यासाठी रात्रभर उभ्या गाडीचा एअर फिल्टरचा पाइप काढा, इंजिन बंद ठेवून हाताने थ्रॉटल उघडा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोलची बारीक धार पडते का ते बघा. धार पडलीच नाही, तर पेट्रोल रात्रीतून टाकीकडे परत गेले असावे किंवा कार्ब्युरेटरच्या भांड्यातून उडून गेले असावे. मग यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा, त्याचा वॉल्व्ह आणि सर्व रबरी नळ्या तपासायच्या. धार नीट पडत असेल, तर प्लग, डिस्ट्रिब्यूटरची कॅप आणि हाय टेन्शन वायरींकडे वळा. हे काम उघड्यावर करा आणि जवळपास शेगडी किंवा विडी नको.

इथे इंधनाचाही विचार करावा लागतो. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. १९९८च्या गाडीतल्या नळ्या, पडदे आणि ओ-रिंग त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या; त्या फुगतात, कडक होतात किंवा त्यांना चिरा जातात. शिवाय इथेनॉलमुळे टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. म्हणून इथेनॉल चालेल अशा दर्जाच्या नव्या नळ्या क्लॅम्पसकट घालाव्यात आणि फिल्टर सुरुवातीला लवकर बदलावा. सेन्सर असलेली गाडी मिश्रण स्वतः जुळवून घेते; कार्ब्युरेटरला ते जमत नाही, त्याच्या जेटचे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राचे) माप ठरलेले असते, त्यामुळे या पेट्रोलवर मिश्रण थोडे पातळ होते आणि चढावर इंजिन अधिक तापायला त्याचा हातभार लागू शकतो. ट्यूनिंग करताना फिटरला हे आवर्जून सांगा.

मात्र काटा वर जाण्याचे मुख्य कारण मी आधी कूलिंगमध्येच शोधेन. रेडिएटरच्या जाळीत माती आणि किडे अडकले आहेत का, पंखा वेळेवर सुरू होतो का, पाइप दाबल्यावर मऊ लागतात का, झाकणाचे रबर चिरले आहे का हे सर्व घरी पाहता येते. अर्थात झाकण गार इंजिनवरच उघडायचे. पुष्कळ ठिकाणी गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी अडवणारा वॉल्व्ह) काढूनच टाकतात, आणि मग इंजिन नेहमी गार राहून पेट्रोल जास्त पिते. आपल्या गाडीत तो आहे की नाही हे उघडून बघा आणि नसेल तर नवा बसवा. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी यांचे मिश्रण भरा. भरताना इंजिन चालू ठेवून हवा पूर्ण निघेपर्यंत थांबा. इंजिन सीटखाली असल्याने या गाडीत हवा अडकून राहण्याची तक्रार नेहमीची आहे. एवढे करूनही रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढुरका थर दिसत असेल, तर हेड पॅकिंग (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांमधले पॅकिंग) गेले आहे असे समजून गाडी गॅरेजला न्यावी. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल, तर त्याच फेरीत तोही बदलून घ्यावा.

लालमाती_रत्नागिरी

वरच्या दादांनी ब्रेक आणि इंजिनाबद्दल जे लिहिले आहे ते मला पूर्ण पटते, पण या प्रश्नात पत्र्याचा उल्लेखच नाही याची मला काळजी वाटते. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. या भागात जुनी ओम्नी इंजिनामुळे भंगारात जात नाही, ती तळ सडल्यामुळे जाते. इंजिन पुन्हा बांधता येते, दुसरे मिळते; पण दरवाजाखालची पेटी आणि चाकांच्या कमानी खिळखिळ्या झाल्या की त्या गाडीवर केलेला बाकीचा सगळा खर्च वाया जातो. म्हणून ब्रेक झाल्यावर पैसे आणि वेळ दोन्ही आधी पत्र्यावर घालावेत, असे माझे ठाम मत आहे.

रोपांची ने-आण म्हणजे कुंड्यांतून पाणी सांडणार आणि ते रबरी मॅटखाली जाऊन बसणार. मॅट पूर्ण उचला. कोपरा वर करून डोकावणे पुरेसे नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळावर सगळीकडे ठोकत जा. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो आणि सडलेला बद्द आवाज देतो. अशा जागी टोक हलके दाबले तरी आत जाते. पुढच्या पायाजवळचा कोपरा, सरकत्या दरवाजाची खालची पट्टी, मागच्या कमानींचा आतला काठ आणि पुढच्या काचेच्या रबराखालची खाच एवढ्या जागा कधीही सोडू नका. दरवाजांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. लाल मातीने ती बुजतात आणि दरवाजा आतून कुजतो. ती तारेने मोकळी करायला काही मिनिटे लागतात आणि एवढ्याने दरवाजे पुष्कळ टिकतात.

नुसता वरवरचा गंज असेल तर तो घरी हाताळता येतो. तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, खाचांमध्ये उरलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर लावा, ते पूर्ण वाळू द्या आणि मग इपॉक्सी प्रायमर व रंग द्या. आरपार भोक असेल तर लांबी (पुट्टी) भरून किंवा वरून पत्रा रिव्हेट करून ते झाकू नका, कारण आत ओल कोंडते आणि एका पावसात भोक दुप्पट होते. सडलेला भाग निरोगी धातूपर्यंत कापून तिथे २० गेजचा पत्रा वेल्डिंगने बसवायला हवा. हे काम पत्र्याच्या कारागिराकडूनच करून घ्या. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवलेली असावी, तळाखालची पेट्रोलची नळी बाजूला केलेली असावी आणि टाकीजवळ काम असेल तर टाकी खाली उतरवलेली असावी.

गाडीखाली जळके ऑइल मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ते रबरी बुश खराब करते, जमिनीत उतरते आणि पहिल्या मुसळधार पावसात धुऊनही जाते. डांबरी थरही ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर देऊ नये. तो बाहेरून छान दिसतो आणि आत गंज वाढत राहतो. कोरडा, प्रायमर दिलेला पत्रा असेल तरच तो द्या, आणि बंद पेट्यांच्या आत मेणयुक्त संरक्षक फवारा. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी मॅट काढून, सर्व दरवाजे उघडे ठेवून काही दिवस वाळवावी आणि मगच रंगाला हात घालावा. जूनमध्ये सुरू केलेले हे काम वाळत नाही.

विजेरी

हेडलाइटपुरते लिहितो. जास्त वॅटचे बल्ब बसवू नका. ते नियमबाह्य आहेत, समोरच्याला त्रास देतात आणि जुने होल्डर वितळतात. इंजिन चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या पिनवर व्होल्टेज मोजा. जुन्या स्विचमध्ये आणि अर्थच्या गंजलेल्या जोडात दीड व्होल्ट गळाला तरी प्रकाश सुमारे एकतृतीयांशाने कमी होतो. उपाय असा की हाय आणि लो बीमसाठी एकेक रिले (थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लावावा, बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची वायर फ्यूज घालून थेट न्यावी आणि जुन्या स्विचने फक्त रिले चालवावा. बल्ब ६०/५५ वॅटचेच ठेवावेत. अर्थचा जोड मात्र घासून चकचकीत पत्र्यावर घ्या, नाहीतर रिलेचा उपयोग होणार नाही.

रोपवाटिका_कुडाळ

सर्वांचे मनापासून आभार. डाव्या ड्रममध्ये ब्रेक ऑइलच होते. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनर बदलले, तेल बदलले आणि पेडल आता वर लागते. थर्मोस्टॅटच्या जागी नुसती पोकळी होती. रेडिएटरची खालची पाव भाग जाळी चिखलाने बंद होती, ती मागच्या बाजूने मंद पाण्याने धुतली. ताईंच्या सांगण्यावरून मॅट पूर्ण उचलली, तेव्हा डाव्या पायाच्या कोपऱ्यात तळहाताएवढा पत्रा पापुद्र्यांसारखा सुटला आणि खालचे अंगण दिसले. कारागिराशी बोलणे झाले आहे.

दोन शंका उरतात. धुराचा वास अजून आहे. आणि मागची सीट काढून तिथे लोखंडी मांडणी बसवली तर कागदपत्रांना अडचण येईल का?

करवीर_पाना

वास आहे तोवर काचा बंद करून गाडी चालवू नका, ही कळकळीची विनंती आहे. इंजिन आपल्या सीटखालीच आहे आणि कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो सोबतच्या इतर वायूंचा. गार इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपच्या) पॅकिंगजवळ आणि सायलेन्सरच्या जोडांशी फटफट असा आवाज येतो का ते ऐका. गळतीच्या जागी काळी काजळी बसलेली दिसते. ती बंद केल्यावर सीटखालच्या झाकणाची कडेची रबरी पट्टी नवी लावा. अॅल्युमिनियमचा थर असलेली उष्णतारोधक गादी त्या झाकणाच्या आतल्या बाजूला बसवली की पायाची उष्णताही कमी होते. कारागीर कोपऱ्यातला पत्रा बसवील तेव्हा तळातून जाणाऱ्या केबल आणि वायरींच्या भोकांना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेचे रबरी वेढे) आहेत का हेही पाहून घ्या, कारण धूर तिथूनही वर येतो.

आरसी_बुक

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी आणि उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली आहे. सीट कायमची काढून मांडणी वेल्ड केली तर आसनक्षमता बदलते, आणि फिटनेस तपासणीच्या वेळी तिथेच अडते. म्हणून सीट जपून ठेवा आणि मांडणी सुटी, पट्ट्यांनी बांधण्याजोगी, सामान म्हणून चढवता-उतरवता येईल अशी करून घ्या. पुढे कधी सीएनजी किट बसवलेत तर ते मान्यताप्राप्त असावे, आरसीवर नोंदवलेले असावे आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी व्हावी.

आपली गाडी १९९८ची, म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांच्या हिशेबाने नोंदणीचे पुढचे नूतनीकरण २०२८मध्ये येईल. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरील हलक्या मोटारीसाठी हे शुल्क १०,००० रुपये झाले असून पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो, तेव्हा त्याची तरतूद आतापासून ठेवा.

लालमाती_रत्नागिरी

मांडणीबद्दल एकच पुरवणी. तिच्या पायांखाली रबरी तुकडे लावा आणि खाली कडा असलेले प्लास्टिकचे ट्रे ठेवा, म्हणजे कुंड्यांचे पाणी तळावर न जाता ट्रेमध्येच राहील. जड कुंड्या सर्वांत खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे येऊ द्या. नवा पत्रा बसल्यानंतर जुनी मॅट परत चिकटवू नका. ती सुटीच अंथरा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला उचलून खाली हात फिरवून पाहा.