मदत हवी आहे: तळ्याकाठचं लग्न, मागे डोंगर आणि भर दुपारचं ऊन. चेहरा सांभाळू की देखावा?

कवडसा

नमस्कार मंडळी,

मी व्यवसायाने पोर्ट्रेट फोटोग्राफर आहे, पण बहुतेक काम चार भिंतींच्या आत. दिवे माझे, पडदा माझा, वारा नाही की ढग नाहीत. आता पहिल्यांदाच एक अख्खं लग्न उघड्यावर करायचं काम घेतलंय. एका बाजूला तळं, पलीकडे डोंगराची रांग, मधे हिरवळ, कडेला थोडी झाडी. जोडप्याने जागा निवडलीय तीच देखाव्यासाठी, त्यामुळे ‘मागचं सगळं धूसर करून टाका’ हा सल्ला कृपया नको. डोंगरही दिसायला हवा आणि त्याच्यापुढची माणसंही.

विधी दुपारी आहे, सूर्य जवळपास डोक्यावर असताना. मग दोन्ही घरच्यांचे समूहफोटो. जोडप्याचे फोटो ‘सूर्यास्ताला’ असं वेळापत्रकात लिहिलंय, म्हणजे हवामानाच्या ॲपमधली सूर्यास्ताची वेळ उचलून तिथे टाकलीय.

जागेवर जाऊन चाचणीचे फोटो काढले. चेहऱ्यावर एक्सपोजर धरलं की आकाश पांढरंफटक होतं, डोंगराची कड त्यात विरून जाते. आकाशावर धरलं की चेहरे काळवंडतात. फ्लॅश लावला तर शटर १/२०० च्या पुढे जात नाही, आणि मी एफ २ वर (लेन्सचं छिद्र बरंच उघडं; आकडा मोठा तसं छिद्र लहान) काम करणारी, त्यामुळे सगळाच फोटो जळतो. हाय स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) सुरू केलं तर फ्लॅश असून नसल्यासारखा. त्यात फिकट कपड्यांवर आणि हनुवटीखाली हिरवट झाक येतेय, ती व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग सुधारायची सोय) फिरवूनही जात नाही.

साहित्य: फुलफ्रेम बॉडी दोन, लेन्स ३५, ८५ आणि ७०-२००, कॅमेऱ्यावर बसणारे दोन लहान फ्लॅश, रेडिओ ट्रिगर, एक छत्री, पाच-इन-वन रिफ्लेक्टर. मदतीला एक सहायक असेल.

बॅटरीवरचा मोठा स्टुडिओ फ्लॅश भाड्याने आणू, की एनडी फिल्टरवर (लेन्सपुढची, उजेड कमी करणारी काळी काच) भागेल? दुपारच्या विधीचं काय करायचं? आणि वेळापत्रकाबद्दल जोडप्याशी काही बोलायला हवं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा, शक्यतो पंचेचाळीस अंशातून.

आकडेमोड

हिशेब मांडतो, मग काय भाड्याने आणायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

स्वच्छ ऊन असेल तर जुना ‘सनी १६’ नियम आजही चालतो: एफ १६ ला शटर म्हणजे आयएसओचा (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याचा) व्यस्तांक. आयएसओ १०० ला एफ १६, १/१००. तेच एक्सपोजर एफ ११ ला १/२०० आणि एफ २ ला १/६४००. तुमची सिंक मर्यादा (फ्लॅशसोबत चालणारं सर्वांत वेगवान शटर) १/२००, म्हणजे एफ २ वर तुम्ही पाच स्टॉप वर आहात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ते खाली आणायचे तर एनडी ३२ लागेल, किंवा हाय स्पीड सिंक.

हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकदाच जोरात पेटत नाही. शटरची फट सेन्सरवरून सरकत असते तोवर बारीक बारीक स्पंदनं देत राहतो. यात साधारण दोन स्टॉप सुरुवातीलाच जातात. एनडीमध्ये ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी होतात, त्यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही, आणि फ्लॅश पूर्ण जोराने पेटतो. त्यामुळे लहान फ्लॅशवाल्याने एनडी वापरावा हे माझं मत. फक्त पाच स्टॉपच्या काळ्या काचेतून ऑटोफोकस कधीकधी चाचपडतो, हे आधी तपासून घ्या.

तिपाई

हिशेब बरोबर, पण त्याच्याही आधीचा प्रश्न कुणी विचारला नाही. कवडसाताई, डोंगर दिसायलाच हवा म्हणता आणि एफ २ वर अडून बसता, ते कशासाठी?

एफ ११, १/२००, आयएसओ १००. आकडेमोड यांच्याच हिशेबाने ही उन्हातली बरोबर सेटिंग आहे आणि ती सिंकच्या आत बसते. एनडी नको, हाय स्पीड सिंक नको. डोंगर रेखीव, आकाश निळं. राहिला चेहरा. लहान फ्लॅश छत्रीविना, पूर्ण जोरावर, झूम ३५ च्या आसपास ठेवून साधारण तीन मीटरवरून एफ ११ देऊ शकतो. छत्री लावली की दीड-दोन स्टॉप गेले, मग दीड मीटरवर यावं लागतं. दोन्ही फ्लॅश एकाच स्टँडवर बांधले तर एक स्टॉप परत मिळतो. सूर्य माणसांच्या मागे असेल तर चेहरा उन्हाच्या बरोबरीने उजळायचीही गरज नसते. एक स्टॉप कमी राहिला तर फोटो उलट जास्त खरा वाटतो.

एफ २ ची सवय स्टुडिओतून येत नाही, ती इतरांचे फोटो बघून लागते. (टोमणा नाही, मीही त्यातलाच.) ८५ एमएम, एफ १.४, दोन मीटर अंतर असलं की फोकसची खोली जेमतेम साडेचार सेंटिमीटर उरते. एक डोळा धारदार आणि दुसऱ्याचा पत्ता नाही. एकट्या चेहऱ्याला ते शोभतं, पण जोडपं शेजारी-शेजारी एका रेषेत कधीच उभं राहत नाही.

उन्हातला_मी

+१ तिपाई. माझी लेन्सबद्दल भर.

देखावा हवा म्हणून लोक ३५ किंवा त्याहून रुंद लेन्स काढतात आणि मग तक्रार करतात की डोंगर टेकाडाएवढा दिसतो. तुमची ७०-२०० बाहेर काढा. ३५ ने जोडपं जेवढं दिसतं तेवढंच १४० ला ठेवायचं तर चौपट मागे जावं लागेल. जोडपं तेवढंच राहील, पण दूरचा डोंगर फ्रेममध्ये चौपट मोठा होऊन त्यांच्या पाठीशी उभा राहील. हे लेन्सचं नाही, अंतराचं काम आहे. फ्लॅश मात्र तुमच्यासोबत मागे न्यायचा नाही. तो सहायकाच्या हातात, जोडप्याजवळ, फ्रेमच्या जरा बाहेर. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, आणि तो हिशेब फ्लॅश ते चेहरा या अंतराचा आहे, कॅमेऱ्याचा नाही.

छत्री उघड्यावर शिडाचं काम करते, तळ्याकाठी तर हमखास. स्टँडला वाळूची पिशवी लावा, नाहीतर सहायकाने काठीवर धरावं.

हिरवट झाक: ऊन हिरवळीवर पडून खालून वर उडतं. चेहऱ्याचा वरचा भाग आकाशाने उजळतो, खालचा गवताने. दोन रंगांचे दोन उजेड, मग एका व्हाइट बॅलन्सने दोन्ही कसे सुटणार? जोडप्याला गवतावरून पायवाटेवर किंवा दगडी काठावर आणा. तेही शक्य नसेल तर रिफ्लेक्टरचं पांढरं कापड त्यांच्या पुढ्यात जमिनीवर पसरा, फ्रेमच्या खाली. सोनेरी बाजू विसरून जा. त्याने माणसं आजारी दिसतात.

आता तुम्हाला प्रश्न: डोंगर कुठल्या दिशेला? याच्या उत्तराशिवाय संध्याकाळबद्दल काही सांगता येणार नाही.

कवडसा

तिपाई, टोमणा लागला आणि आवडलाही. घराबाहेर पडून एफ ११ ला पुन्हा फोटो काढून पाहिले, आकाश खरंच हाती लागलं.

डोंगर पश्चिमेला आहे. म्हणजे सूर्य त्याच्याच मागे जाणार. हे चांगलं की वाईट?

उन्हातला_मी

चांगलं, पण तुमचं वेळापत्रक मोडणारं. ॲप सपाट क्षितिजाची वेळ सांगतं. तुमचा सूर्य त्याच्या कितीतरी आधी जाणार.

जोडपं जिथे उभं राहणार तिथे जाऊन हात पूर्ण लांब करा आणि क्षितिजापासून कड्यापर्यंत मोजा. बंद मूठ साधारण दहा अंश, एक बोट दोन अंश. सूर्य तासाला पंधरा अंशांपेक्षा वेगाने खाली उतरत नाही, विषुववृत्तापासून दूर गेलात तर उतार तिरका होऊन वेग आणखी कमी. कडा एक मूठ आणि दोन बोटं उंच असेल तर सूर्यास्ताच्या किमान पाऊण-एक तास आधीच ऊन संपलं. सूर्य मावळायची जागा ऋतूप्रमाणे सरकते, तेव्हा मोजणी लग्नाच्या तारखेच्या दिशेने करा. फोटोपिल्ससारख्या ॲपमध्ये कॅमेऱ्यातून बघत सूर्याचा मार्ग आकाशावर आखलेला दिसतो, त्याने काम सोपं होतं.

जोडप्याशी बोलायलाच हवं. ‘सूर्यास्ताला’ हा शब्द खोडून दोन वेळा लिहून घ्या. एक ऊन कड्याआड जाण्याच्या जरा आधीची: केसांच्या कडा पेटतात, फ्लॅशचा थोडासा भर पुरतो. दुसरी खऱ्या सूर्यास्तानंतरची. मधल्या वेळात डोंगर स्वतःच्या सावलीत काळा आणि आकाश भगभगीत, तेव्हा त्यांना पाहुण्यांत सोडून द्या.

जुनी_रीळ

मी फिल्मच्या जमान्यातला. रंगीत निगेटिव्हवर एक-दोन स्टॉप जास्त उजेड गेला तरी निभावत असे. डिजिटलचं उलटं आहे. जळलेलं आकाश परत येत नाही, पण काळोखातून बरंच काही वर काढता येतं, रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) असेल तर. त्यामुळे विधीच्या वेळी फिकट कपड्यांवर नजर ठेवा. कॅमेऱ्यात झेब्रा असेल तर चालू करा, कपड्यावर पट्टे दिसायला लागले की थोडं मागे या. चेहरा जरा गडद आला तरी घाबरू नका.

विधीच्या वेळी तुम्ही सूर्य हलवू शकत नाही आणि लोकांना थांबवूही शकत नाही. पण आयोजकांना आधी भेटून मंडप हलवता येतो. दोघंही उन्हात चालतील, दोघंही सावलीत उत्तम. एक उन्हात, एक सावलीत ही सगळ्यात वाईट गत. वर कापड घालणार असतील तर पांढरंच हवं आणि संपूर्ण जागा झाकणारं. लाल किंवा पिवळं कापड असलं तर त्याचा रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो, आणि तो काढताना तुमच्या दोन रात्री जातील.

तिपाई

समूहफोटो राहिले. वीस माणसांना दोन लहान फ्लॅश पुरणार नाहीत, तो नाद सोडा. झाडीच्या कडेला, झाडांच्या आत नाही, अशी सावली शोधा जिथून समोर मोकळं आकाश आहे. माणसांचं तोंड त्या आकाशाकडे, पाठीमागे झाडं. आत गेलात की पानांतून उन्हाचे ठिपके पडतात. एकाच्या कपाळावर, दुसऱ्याच्या नाकावर. एफ ५.६ ते ८, दोन रांगा असतील तर ८ कडे झुका. इथे डोंगराचा हट्ट करू नका, सावलीतली माणसं आणि उन्हातला डोंगर यांत सहज तीन स्टॉपचा फरक असतो. ज्येष्ठांचे फोटो आधी, त्यांना बसायला खुर्च्या. हाका मारायला दोन्ही घरांतून एकेक मोठ्या आवाजाचा माणूस मागून घ्या, तुम्हाला चेहरे माहीत नसतात.

पोलरायझर आहे का? दीड-दोन स्टॉप खातो, म्हणजे सौम्य एनडीच. पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी जाते. पण तळ्यातलं प्रतिबिंब हवं असेल तेव्हा तो काढा, कारण तो तेही पुसतो. सूर्याशी काटकोनात सगळ्यात जास्त परिणाम, आणि ३५ पेक्षा रुंद लेन्सवर आकाश अर्धं गडद, अर्धं फिकट होतं.

आणि दोन्ही कार्डांवर एकदम लिहायची सोय असेल तर चालू ठेवा. ड्रोनचा विषय निघाला तर जागेच्या मालकाची आणि विमानवाहतूक नियमांची परवानगी जोडप्याने आधी काढावी.

कवडसा

सगळ्यांचे मनापासून आभार. मोठा फ्लॅश भाड्याने आणत नाहीये. कडा मोजला, मूठ आणि वर जवळपास तीन बोटं. जोडप्याला वेळा समजावल्या. नवरीला आधी पटेना, कड्याचा फोटो काढून त्यावर सूर्याचा मार्ग दाखवला तेव्हा पटलं. आयोजक मंडप फिरवायला तयार आहेत, कापड पांढरं.

एकच राहिलं. सूर्यास्तानंतरच्या निळ्या वेळेत फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी, तिलाच सीटीओ म्हणतात) लावतात ना, ते अर्धं सीटीओ की पूर्ण? आणि फ्लॅशचा जोर दुपारसारखाच ठेवायचा?

आकडेमोड

दुपारइतका जोर अजिबात नको. तेव्हा १/६०, एफ २.८, आयएसओ ८०० च्या आसपास असाल, १/१६ जोरही छत्रीतून भरपूर होतो आणि फ्लॅश पटापट तयार होतो. एफ २ ची हौस तेव्हा भागवा, डोंगराची बाह्यरेषा तेवढी पुरते.

जेल अर्धं. साध्या फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप, आकडा कमी तितका नारिंगी), अर्ध्या सीटीओने तो ३८०० च्या जवळ येतो. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स हाताने ३८०० ते ४००० ठेवलात की त्वचा त्वचेसारखी आणि मागचं आकाश डोळ्यांना दिसतं त्याहून निळं. पूर्ण सीटीओने हा निळा रंग भडक होतो. जेल दोन्ही फ्लॅशना लावा, आणि संध्याकाळीच नको, दुपारीच कापून चिकटपट्टीसकट खिशात ठेवा. अंधारात ते सापडत नाही.