प्रतिसाद: सुळा अडकला असेल तर कॅल्शियमने खाली येत नाही

भाऊ, तुमच्या तेरा वर्षांच्या पुतणीचा वरचा एक सुळा आला, दुसरा नाही, असं तुम्ही विचारलंय, आणि इथं कुणीतरी तिला कॅल्शियमच्या गोळ्या द्या असं सुचवलंय. एका बाजूचा दात येऊन दुसऱ्या बाजूचा अडला, तर कारण बहुधा त्याच जागी असतं. जागा कमी, वाट चुकलेली, मध्ये जादा दात किंवा गाठ, नाहीतर न पडलेला दुधाचा दात. यातलं काहीच कॅल्शियमने सुटत नाही. अक्कलदाढेनंतर सर्वांत जास्त अडकतो तो वरचा सुळाच, कारण तो जबड्याच्या हाडात फार उंचावर तयार होतो आणि त्याचा प्रवास सर्वांत लांब. साधारण ११-१२ व्या वर्षी तो दिसायला हवा.

आपल्याकडे खेड्यात दुधाची दाढ किडली की ‘पडणारच आहे’ म्हणून उपटून टाकतात. मग मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताची जागा जाते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

वाट पाहत बसू नका. आत अडकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ झिजवू शकतो, आणि ते बरेचदा दुखतही नाही. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेऊन पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा. या वयात हिरडी उघडून, तारेनं ओढून दात जागेवर आणता येतो. दुधाचा सुळा अजून असेल तर तो काढायचा का, हे मात्र एक्स-रे पाहूनच ठरवू द्या.