म्हातारपणी सुचलेलं राजकारण नव्हे

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनला आत्ता उतारवयात राजकारण सुचलंय, हे मत मला अजिबात पटत नाही. 1984 सालचंच बघा. त्याचं ‘बॉर्न इन द यूएसए’ हे व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या सैनिकाचं गाणं. पण मुठी वळून म्हणावंसं ध्रुपद आणि अल्बमच्या मुखपृष्ठावर अमेरिकी झेंड्याचे पट्टे, त्यामुळे ते देशप्रेमाचं गाणं म्हणूनच गाजलं. राष्ट्राध्यक्ष रेगननी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं, तेव्हा काही दिवसांतच पिट्सबर्गच्या मंचावरून त्याने विचारलं, राष्ट्राध्यक्षांना माझी कुठली रेकॉर्ड आवडत असेल? ‘नेब्रास्का’, म्हणजे हताश, पिचलेल्या माणसांच्या गाण्यांचा त्याचा अल्बम, तर नक्कीच नसणार. आणि लगेच बेकार झालेल्या मोटार कामगाराचं गाणं सुरू केलं. भाषण नाही, थेट गाणं!

1988 मध्ये पूर्व बर्लिनला लाखाहून जास्त लोकांसमोर त्याने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की मी कुठल्या सरकारच्या बाजूने वा विरोधात आलेलो नाही, एक दिवस सगळे अडसर दूर होतील या आशेने गायला आलोय. शहराची फाळणी करणारी बर्लिनची भिंत पुढच्या वर्षी पडली. त्याचं श्रेय त्याला देणं अति होईल, पण ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

मंचावरच्या ताकदीबद्दल काय बोलावं! 2012 मध्ये हेलसिंकीला, बासष्टाव्या वर्षी, हा माणूस चार तासांहून जास्त वेळ गात होता.

मला खरोखर खुपतं ते वेगळंच. 2022 मध्ये मागणीनुसार भाव चढत त्याच्या कार्यक्रमांची काही तिकिटं पाच हजार डॉलरपर्यंत गेली आणि त्याने त्या पद्धतीचं समर्थन केलं. कामगारांच्या गायकाकडून हे अपेक्षित नव्हतं.