सारंगखेड्याचे घोडे कशात टिपायचे: ५०आय की २५पी?

तापीकाठ, शहादा:
दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. पोरं हँडीकॅम घेऊन येतात आणि 'सिनेमासारखं दिसतं' म्हणून २५पी लावतात. माझं स्पष्ट मत आहे, कॅमेऱ्यात ५०आय आणि २५पी एवढंच असेल तर घोडा ५०आयमध्येच घ्यावा. ५०आय म्हणजे इंटरलेस, त्यात सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं मिळतात. एका फील्डमध्ये ओळी निम्म्याच, एकाआड एक. पण क्षण पन्नास वेगवेगळे. २५पीत सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम: ओळी पूर्ण, क्षण पंचवीस. नाचणाऱ्या घोड्याची टाप त्या गळालेल्या क्षणांतच असते. शिवाय २५पीत कॅमेरा घोड्यामागे फिरवला की मागची राहुट्यांची रांग धक्के खात सरकते.

अमळनेरकर:
हाई काही पटनं नही भाऊ. इंटरलेस जुन्या ट्यूबवाल्या टीव्हीसाठी होतं. तो टीव्ही एकेक फील्डच रंगवायचा, म्हणून ते शोभायचं. एलईडी टीव्ही आणि मोबाइल पूर्ण फ्रेम दाखवतात. डिइंटरलेस न करता, म्हणजे फील्डच्या नीट पूर्ण फ्रेम न करता, क्लिप पुढे गेली की घोड्याच्या पायाला कंगव्याचे दात फुटतात. नऊवारीचा बारीक काठ लुकलुकतो तो वेगळाच. २५पीत शटर १/५० सेकंद ठेवा, ट्रायपॉडवर कॅमेरा सावकाश फिरवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मंडपातल्या ट्यूबलाइटही त्या शटरला त्रास देत नाहीत.

तापीकाठ, शहादा:
सावकाश कसा फिरवू? घोडा धावतोय! आणि ते दात एडिटिंगमधल्या चुकीने येतात. बहुतेक जण दोन फील्ड एकात कोंबून २५ फ्रेम काढतात, तिथेच अर्धी हालचाल जाते. प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम करून ५०पी काढा. एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला यादिफ फिल्टर हे काम फुकटात करतो. २५पीत न टिपलेला क्षण मात्र कुठलाच फिल्टर खरेपणाने परत देत नाही.

धुळ्याचा शूटिंगवाला:
लग्नाच्या कामात अजून कुणी डीव्हीडी मागतं. ती ७२०×५७६ची, तिच्यात ५०पी बसतच नाही. ५०आय सरळ जातं. फील्डचा क्रम मात्र सांभाळा. डीव्ही टेपचं चित्रण खालच्या फील्डपासून सुरू होतं, एचडीचं वरच्या. दोन्ही एका टाइमलाइनवर घेऊन क्रम चुकला, तर वरातीत नाचणारी माणसं पुढे-मागे थरथरतात. गिऱ्हाईक दोष कॅमेऱ्याला देतं.

भुसावळ जंक्शन:
जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी मेनूत १०८०/५०पी आहे का ते आधी पाहावं. २०११मध्ये एव्हीसीएचडी या हँडीकॅमच्या रेकॉर्डिंग फॉरमॅटच्या सुधारित आवृत्तीत ते आलं, सेकंदाला २८ मेगाबिटपर्यंत. पूर्ण ओळी, पन्नास क्षण.

अमळनेरकर:
५०पी असेल तर माझा वाद नाही. नसेल तर घोड्यापुरतं तापीकाठ यांचं मान्य, फिल्टर लावायची तयारी असेल तर. पण श्रावणात घरी कानबाई बसते, तिथे मी २५पीच लावणार. देवीचा शृंगार, रोट, समईच्या उजेडातले बायांचे चेहरे, सगळं जवळपास स्थिर. तिथे मला ओळी पूर्ण हव्यात.

तापीकाठ, शहादा:
कानबाईला लावा. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला बाया फुगडी धरतील, तेव्हा मेनू उघडून ५०आय करा.